खणखणीत आणि बद्द

धातूच्या आवाजासाठी मराठीत दोन नेमके शब्द आहेत: खणखणीत आणि बद्द. चांदीचा रुपया व्यवहारात होता त्या काळी तो फरशीवर टाकून वाजवून घेतला जाई. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर हिणकस. नाणी वाजवून घेण्याचे दिवस गेले, पण शब्द मागे राहिले आणि माणसांना, पुराव्यांना, भाषणांना लागू होऊ लागले. माठ विकत घेताना आजही बोटाचे पेर त्यावर वाजवून पाहिले जाते. वस्तूची पारख कानाने करण्याची ही रीत आपल्या भाषेत इतकी मुरलेली आहे, की साहित्याची समीक्षा करतानाही आपण कारागिराच्या पडवीतून शब्द उसने आणतो. शैली 'घोटीव' असते, रचना 'ओतीव' असते, भाषेला 'पोत' असतो. वर्गात हे शब्द आम्ही वर्षानुवर्षे वापरत आलो आहोत. पण एखादी ओळ घोटीव आहे असे म्हणताना आपण त्या ओळीविषयी काही सांगतो, की ती ऐकणाऱ्या आपल्या कानाविषयी, हा प्रश्न त्या शब्दांच्या आत दडलेला असतो, आणि परीक्षेच्या धबडग्यात तो सहसा कोणी विचारत नाही.

आमच्यापुढे तो आला तो गोल्फच्या वाटेने.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात आमचा एक विद्यार्थी असा आहे, की जो पहाटे साडेपाचला शहरातल्या एका गोल्फ मैदानावर हजर होतो, खेळाडूंच्या पिशव्या वाहतो, आणि अकराच्या तासाला बुटांना चिकटलेल्या गवतासह वर्गात येऊन बसतो. त्याचे वडीलही तेथेच कॅडी होते. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथातील माध्यमविचार शिकवून झाला होता, कलाकृतीचे माध्यम आणि तिचा प्रत्यय यांचा संबंध फळ्यावर मांडून झाला होता, तेव्हा तासानंतर थांबून त्याने विचारले, "सर, मॅडम, पटर कुठल्या धातूचा आहे याने खरंच फरक पडतो का?"

प्रश्न शब्दार्थाने पोटापाण्याचा होता. त्या मैदानावर सोमवारी कॅडींना खेळायला मिळते आणि वर्षातून एकदा त्यांची स्पर्धाही होते. त्याच्यापाशी एका खेळाडूने टाकून दिलेला जुना, ओतीव पोलादाचा पटर होता. आता दुसरा एक खेळाडू आपला सलग ठोकळ्यातून कोरून काढलेला, नामांकित बनावटीचा पटर निम्म्या किमतीत द्यायला तयार झाला होता. असा पटर नवा घ्यायचा तर अमेरिकेतच चारशे डॉलरांच्या पुढे जातो. निम्मी किंमतही त्याच्या दोन सत्रांच्या शुल्काहून अधिक होती. ज्याच्या पिशव्या तो वाहतो त्या साऱ्यांचे मत एकच होते: "त्या मऊ पोलादाचा फील वेगळाच असतो."

स्पर्धेचे बक्षीस फार मोठे नव्हते. पण कॅडीच्या दृष्टीने त्या दिवसाचा अर्थ निराळा असतो, हे आम्हांला हळूहळू समजले. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकला आणि १९९३ साली पुन्हा जिंकला. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबातील माळीकाम करणाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकला. ही नावे कॅडींच्या बाकावर मंत्रासारखी घेतली जातात. अशा मुलाला 'फरक पडतो' किंवा 'पडत नाही' असे उत्तर बेजबाबदारपणे देता येत नाही. आम्ही वाचायला वेळ मागून घेतला.

गोल्फशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. पटर ही गोल्फच्या पिशवीतील सर्वांत साधी काठी. लांबवरून हवेतून आलेला चेंडू कातरलेल्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, पोहोचला की तेथून तो जमिनीवरून घरंगळत नेऊन १०८ मिलिमीटर व्यासाच्या खळग्यात पाडायचा, एवढेच तिचे काम. चेंडूचे वजन फार तर ४५.९३ ग्रॅम, पटरच्या डोक्याचे साधारण ३५० ग्रॅम. यात ताकदीला काही वाव नाही. तरी ७२ फटक्यांच्या हिशेबात प्रत्येक ग्रीनवर दोन याप्रमाणे ३६ फटके पटरचेच धरलेले असतात. साऱ्या खेळाचे अर्धे गणित या हळुवार काठीपाशी येऊन थांबते, आणि म्हणूनच खेळाडूंच्या साऱ्या श्रद्धा आणि शंकाही तिच्याच भोवती गोळा झालेल्या दिसतात.

या काठीच्या धातूचा इतिहास मोठा रंजक आहे. प्रारंभी पटरचे डोके लाकडाचे असे, पुढे घडीव लोखंडाचे आले. १९०४ साली वॉल्टर ट्रॅव्हिस नावाचा अमेरिकेतून आलेला खेळाडू इंग्लंडात सँडविच येथे ब्रिटिश हौशी खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा जिंकला. त्याच्या हातात स्केनेक्टडी नावाचा पटर होता. त्याचे डोके ॲल्युमिनियमचे होते आणि दांडा कडेऐवजी मधोमध बसवलेला होता. १९१० मध्ये सेंट अँड्र्यूजच्या नियामकांनी या जातीच्या पटरवर बंदी घातली आणि ती चाळीसेक वर्षे टिकली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की आक्षेप धातूवर नव्हता, दांडा जेथे जोडला होता त्या जागेवर होता. एका परीने आमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या आक्षेपातच होते, पण ते आम्हांला नंतर दिसले.

त्यानंतरचे महत्त्वाचे नाव कार्स्टन सोलहाइम यांचे. नॉर्वेत जन्मलेले, जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेले हे गृहस्थ. यांनी १९५९ साली कॅलिफोर्नियातील आपल्या घराच्या गॅरेजमध्ये एक पटर तयार केला. त्यांनी धातू मधून काढून डोक्याच्या दोन टोकांना नेला. चेंडू लागताच या पोकळ डोक्यातून 'पिंग' असा स्वर निघे, आणि तेच त्या पटरचे व पुढे कंपनीचेही नाव झाले. १९६६ साली त्यांनी 'अॅन्सर' नावाचा पटर काढला. त्याची पहिली आकृती त्यांनी ग्रामोफोनच्या तबकडीच्या कागदी वेष्टनावर काढली होती असे सांगतात. सुरुवातीचे हे पटर मँगनीज ब्राँझचे होते. आज जगात विकल्या जाणाऱ्या असंख्य पटरांचा आकार त्या आकृतीचाच वंशज आहे. टायगर वुड्स याने आपल्या १५ प्रमुख विजेतेपदांपैकी १४ ज्या पटरने मिळवली, तोही घाटाने त्याच कुळातला, धातूने मात्र ठोकळ्यातून कोरलेल्या जर्मन स्टेनलेस स्टीलचा. सांगायचे ते हे, की साठ वर्षे आकार जवळजवळ तोच राहिला आणि जाहिरातीत धातू बदलत गेले: ब्राँझ, तांबे, कार्बन स्टील, निरनिराळ्या क्रमांकांचे स्टेनलेस. प्रत्येक धातूबरोबर एक विशेषण आले, आणि त्यांतले सर्वांत लाडके विशेषण 'मऊ'.

या 'मऊ' शब्दापाशी आम्ही बराच वेळ थांबलो, कारण शब्दांपाशी थांबणे हाच आमचा व्यवसाय. आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने समजावून सांगितले ते असे. धातू मऊ आहे असे आपण म्हणतो तेव्हा दोन भिन्न गुणांची सरमिसळ होते. एक गुण म्हणजे ओरखडा किंवा खोक पडण्याला होणारा विरोध, अर्थात कठीणपणा. दुसरा म्हणजे दाबाखाली क्षणभर वाकून पूर्ववत होण्याला होणारा विरोध, अर्थात ताठपणा. कार्बन स्टील स्टेनलेसपेक्षा पहिल्या अर्थाने मऊ असू शकते, घणाखाली ते लवकर दबेल. पण ताठपणात दोन्ही पोलादे जवळपास सारखी, आणि घनताही जवळपास सारखी, पाण्याच्या आठपटीच्या आसपास. पटरच्या हलक्या टोल्याने पोलादावर खोक पडत नाही, त्यामुळे पहिला गुण तेथे कामालाच येत नाही. आणि चेंडू? तो कोणत्याही पोलादापेक्षा इतका मऊ, की टोल्याच्या क्षणी दबतो तो चेंडूच. त्याच्या दृष्टीने समोरची भिंत ब्राँझची असली काय आणि पोलादाची असली काय, भिंत ती भिंत.

म्हणजे दोन सारख्या आकाराचे, सारख्या वजनाचे, एकाच तऱ्हेने कोरलेले पटर केवळ पोलादाच्या जातीने वेगळे असतील, तर चेंडूच्या घरंगळण्यात ओळखू येण्याजोगा फरक पडण्याचे कारण दिसत नाही. 'मऊ पोलाद' हा शब्दप्रयोग घणाच्या जगातून टोल्याच्या जगात आणलेला आहे. आपण याला लक्षणा म्हणतो. लक्षणा खोटी नसते, पण वाच्यार्थाने घेतली की फसवते, हे काव्यशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आपण शिकवतो.

मग खेळाडूंच्या हाताला जाणवते ते काय? सारेच भ्रमात आहेत असे म्हणणे सोपे, पण ते खरे नव्हे. चेंडू आणि पटर यांचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. हातातील संवेदना मेंदूपर्यंत पोहोचायला त्याच्या वीसपट तरी वेळ लागतो, आणि तिला जाणीवपूर्वक प्रतिसाद द्यायला त्याहूनही कितीतरी अधिक. तोवर चेंडू वीतभर पुढे गेलेला असतो. दुसऱ्या शब्दांत, ज्याला खेळाडू 'फील' म्हणतात ती नेहमीच घडून गेलेल्या गोष्टीची बातमी असते. त्या फटक्यावर तिचा काडीमात्र परिणाम होणे शक्य नाही.

शिवाय ही बातमी हातापेक्षा कानाने अधिक येते. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली गोल्फच्या फटक्याचा आवाज आणि खेळाडूंनी वर्णन केलेला 'फील' यांचा संबंध तपासून प्रसिद्ध केला. त्यांचा अभ्यास लांब मारायच्या काठीविषयी होता, पण निष्कर्षाची दिशा स्पष्ट होती: खेळाडू ज्याला स्पर्श म्हणून सांगतात त्यात आवाजाचा वाटा फार मोठा असतो. आवाज बदलला की हाताचे मत बदलते.

हे वाचल्यावर आम्ही एका सोमवारी त्या मैदानाच्या सरावाच्या ग्रीनवर गेलो. आमच्या विद्यार्थ्याने आपला जुना पटर आणि परीक्षेसाठी मागून आणलेला तो कोरीव पटर, असे दोन्ही घेतले होते. पंधरा फुटांवरून त्याने आलटून पालटून चेंडू मारले. जुन्याचा आवाज किंचित उंच आणि चमकदार, नव्याचा खोल आणि बद्द. हा 'बद्द' शब्द त्याचाच. फरक आमच्यासारख्या अनभिज्ञांनाही ऐकू आला. मग त्याने दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले, वरून हेडफोन चढवला आणि पुन्हा तितकेच चेंडू मारले. हेडफोन काढून तो जरा वेळ गप्प राहिला, आणि म्हणाला, "दोन्ही मुके झाले की!" हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. एका मुलाच्या एका सकाळीवरून सिद्धान्त उभा राहत नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर उमटलेले आश्चर्य खरे होते.

तो आवाजही केवळ धातूचा नव्हता. जुन्या पटरच्या पाठीत खोल पोकळी होती, नवा भरीव होता. नव्याच्या मुखावर बारीक खाचा कोरलेल्या होत्या, म्हणजे चेंडूला टेकणारा पृष्ठभागच कमी. घंटा आणि तवा एकाच धातूचे केले तरी एकसारखे वाजणार नाहीत, तसेच हे. सोलहाइम यांचा 'पिंग' हाही मुख्यतः आकाराचा स्वर होता, धातू त्याला केवळ गळा देत होता. पटरच्या मुखात प्लास्टिकसारख्या पदार्थाची चकती बसवली तर मात्र फरक निःसंशय पडतो. आवाज दबतो आणि चेंडूचा वेगही थोडा उतरतो. पण तो मग धातूचा प्रश्न राहत नाही.

एका ठिकाणी धातू खरोखर निर्णायक ठरतो, आणि ते ठिकाण म्हणजे त्याचे वजन. पाण्याशी तुलना करता ॲल्युमिनियम २.७ पट जड, पोलाद सुमारे ७.८ पट, टंगस्टन १९.३ पट. डोक्याचा मधला भाग हलक्या धातूचा ठेवून दोन्ही टोकांना जड धातू बसवला, तर चेंडू मुखाच्या मध्यावर न लागता थोडा कडेला लागला तरी पटर हातात कमी वळतो, आणि चेंडू ठरल्या दिशेच्या व अंतराच्या अधिक जवळ राहतो. चुकलेल्या फटक्याची शिक्षा सौम्य होते. सोलहाइम यांचा खरा शोध हा होता, पिंग हा त्याचा आनुषंगिक नाद. धातू कोणता याला महत्त्व येते ते धातू कोठे ठेवला आहे यावरून. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' लिहून अलंकाराविषयी जे सांगितले, त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. अलंकार मुळात सुंदर वा असुंदर नसतो, उचित स्थानी असला की शोभतो. स्केनेक्टडीवर बंदी घालणाऱ्यांनाही धातूपेक्षा जागाच खटकली होती.

येथवर उत्तर सरळ होते, आणि ते आम्ही त्याला देऊन मोकळे झालो असतो. पण वाचन पुढे गेले आणि एक अडचण उभी राहिली.

२०११ साली व्हर्जिनिया विद्यापीठाशी संबंधित काही मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४१ जणांना एकाच पटरने चेंडू मारायला सांगितले. त्यांतील काहींना आधी सांगितले, की हा पटर बेन कर्टिस या व्यावसायिक खेळाडूचा आहे. कर्टिस हा २००३ सालचा ब्रिटिश ओपन विजेता. ज्यांना हे नाव सांगितले होते त्यांनी खळग्याचे चित्र काढताना तो मोठा काढला, आणि चेंडूही अधिक पाडले. २०१६ साली ग्राहकवर्तनाच्या एका नियतकालिकात आलेल्या अभ्यासात पटरवर 'नायकी' हे नाव आहे असे समजणाऱ्यांना कमी फटके लागले, आणि तरीही यशाचे श्रेय त्यांनी नावाला न देता स्वतःलाच घेतले. अर्थात अशा प्रयोगांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. २०१० साली जर्मनीत 'हा चेंडू शुभ आहे' असे सांगून केलेला असाच एक प्रयोग बराच गाजला, आणि २०१४ साली दुसऱ्या संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. तरीही नावाचा काही एक प्रभाव हातावर पडू शकतो, एवढे म्हणायला जागा उरते.

साहित्याच्या अध्यापकाला यात नवल वाटू नये. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या अभिप्रायांवर १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ लिहिला. नावाचा आधार काढून घेतल्यावर भलेभले वाचक कसे चाचपडतात, हे त्या ग्रंथाने जगाला दाखवले. हा प्रयोग आम्ही दर वर्षी आमच्या वर्गात करतो आणि विद्यार्थी गोंधळले की मनातल्या मनात सुखावतो. नाव म्हणजे आस्वादातील भेसळ, ती काढून टाकली की शुद्ध प्रत्यय उरतो, अशी आपली धारणा असते.

आता आमच्यापुढे असा मुलगा होता, ज्याला ती भेसळ कदाचित उपयोगी पडली असती. नामांकित बनावटीचा पटर हातात आला असता तर त्याला खळगा किंचित मोठा दिसला असता. 'धातूने काही होत नाही' असे सांगून आम्ही त्याचे पैसे वाचवणार होतो, आणि त्याच वाक्याने त्या पैशांतून मिळू शकणारा एकमेव लाभही नष्ट करणार होतो. आमच्यापैकी एकाचे मत होते, की त्याला काही सांगू नये, त्याचा निर्णय त्याने घ्यावा. दुसरीचे म्हणणे असे, की ज्याला आपण दोन वर्षे ग्रंथ तपासून बोलायला शिकवले, त्याच्यापासून वाचलेले लपवणे हा त्याचा अपमान होईल. श्रीमंत खेळाडूला श्रद्धा परवडते, त्याचे सत्राचे शुल्क तिच्यात अडकलेले नसते. या शेवटच्या मुद्द्यावर आमचे एकमत झाले, आणि आम्ही त्याला सारे सांगितले: चेंडू, पोलाद, कान, वजन, आणि नावाचे प्रयोगही.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग तो जे बोलला ते आमच्या वाचनात कोठे आले नव्हते. तो म्हणाला, "मॅडम, मी पिशवी धरून उभा असतो तेव्हा चेंडूकडे बघत नाही, ऐकतो. साहेबांनी मारला की आवाजावरून कळतं, मध्यावर लागला की टोकाला, आणि थांबणार कुठं. माझ्या पटरचा आवाज मला सहा वर्षांपासून पाठ आहे. नवा घेतला तर तो पहिल्यापासून शिकायला लागेल." थोडे थांबून पुढे म्हणाला, "मऊ असेल नसेल, पण माझ्याशी बोलायला पाहिजे ना तो."

त्या बोलण्याने आमच्या वाचनातले एक रिकामे घर भरले. 'फील' त्या फटक्यावर परिणाम करू शकत नाही, कारण तो उशिरा येतो, हे खरेच. पण तो पुढच्या फटक्याच्या आधी येतो. मध्यावर लागलेल्या आणि कडेला लागलेल्या चेंडूच्या आवाजात जो सूक्ष्म भेद असतो, तो हजारो वेळा ऐकून कान हाताला शिकवतो. बातमी मागच्या फटक्याची असते, उपयोग पुढच्या फटक्याला होतो. ज्या पटरचा आवाज खेळाडूला स्पष्टपणे वाचता येतो तो त्याच्यासाठी चांगला, मग तो खणखणीत असो वा बद्द. म्हणून एकाला ब्राँझ आवडते, दुसऱ्याला पोलाद, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. धातू चेंडूला बदलत नाही, पण खेळाडूला मिळणाऱ्या बातमीचा सूर ठरवण्यात त्याचा वाटा असतो. या अर्थाने, आणि केवळ याच अर्थाने, फरक पडतो.

त्याने तो पटर घेतला नाही. जुन्याच्या दोन्ही टोकांना, मागच्या बाजूने, शिशाच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. गोल्फमध्ये ही रीत जुनी आहे आणि खर्च अगदी किरकोळ. शिसे पोलादापेक्षा जड, आणि ते नेमक्या जागी बसले. आवाज जरासा बदलला, तो त्याने आठवडाभरात पाठ केला. स्पर्धेत तो मधल्या क्रमांकांत कोठेतरी राहिला. शिशामुळे वर गेला की त्याविना आणखी खाली राहिला असता, हे कोणालाच सांगता येणार नाही. दुसऱ्या सत्राचे शुल्क वेळेवर भरले गेले, एवढे निश्चित आहे.

आम्हांला मात्र या साऱ्यातून वर्गासाठी काहीतरी मिळाले. आस्वादाविषयी बोलताना विद्यार्थी दोन टोकांना जातात, असा अनुभव सर्वच अध्यापकांना असेल. एक म्हणतो, कवितेचा गुण कवितेच्या शब्दांतच असतो, तो दाखवता आलाच पाहिजे. दुसरा म्हणतो, सारे वाचकाच्या मनात असते, मग गुण कसले देता? मापता न येणारा प्रत्यय म्हणजे भ्रम, असे धरून दुसरा पहिल्याची टर उडवतो. पटरच्या उदाहरणाने तिसरी जागा दिसते. प्रत्यय वस्तूत नसतो आणि निव्वळ मनातही नसतो. तो वस्तूने दिलेल्या खुणा दीर्घकाळ ऐकून तयार झालेल्या कानात असतो. म्हणूनच तो शिकता येतो, आणि म्हणूनच शिकवताही येतो. ओवीचा शेवटचा आखूड चरण कानाला कसा टेकतो हे पहिल्या वाचनात कळत नाही. शंभर ओव्या मोठ्याने वाचलेल्या विद्यार्थ्याला कळते, आणि मग त्याच्या स्वतःच्या वाक्याचा शेवटही बदलतो. त्याला लाभलेला प्रत्यय मागच्या ओवीचा असतो, सुधारते ते पुढचे वाक्य.

'घोटीव' आणि 'ओतीव' हे शब्द आम्ही टाकून दिलेले नाहीत. मात्र उत्तरपत्रिकेत ते आले की आता समासात एक छोटा प्रश्न लिहितो: हे तुम्ही कोठे ऐकलेत? ज्याने खरोखर ऐकलेले असते तो ओळ दाखवतो, शब्द दाखवतो, क्वचित एखाद्या अक्षरावर बोट ठेवतो. ज्याने केवळ विशेषण उचललेले असते त्याच्याजवळ कवीचे नाव असते. हा भेद मार्कांत बसवणे अवघड आहे, पण नाणे वाजवून घेणाऱ्या सराफाला तो ऐकू येत असे, आणि पिशवी धरून उभ्या असलेल्या मुलालाही येतो.